खिडकीशी बसलेली रतन

शेफाली: अकरा मुलं तपासून झाली, आजोबा. एकच पोरगी उरली. आता तरी ती पिशवी खाली ठेवा. सकाळपासून मांडीवर घेऊन बसलाय.

गुरुजी: असू दे. जड नाही.

शेफाली: आणि सकाळपासून त्या खिडकीकडे एकदासुद्धा पाहिलं नाहीत. बाकी सगळी शाळा मला दाखवलीत. फळा इथं होता, पाण्याचा डेरा तिथं, इरली त्या भिंतीला टांगायचात...

गुरुजी: बावीस इरली असायची पावसाळ्यात. त्यांचं पाणी गळून जमिनीवर ओघळ यायचे. पहिलीची पोरं त्या ओघळांतच बोटानं ग, म, भ काढायची. मी रागावत नसे. पाटीपेक्षा बरं अक्षर यायचं त्यांचं. आज मात्र कुलूप उघडायलासुद्धा खालून पासलीहून माणूस यावा लागला.

शेफाली: विषय बदललात.

गुरुजी: बदलला खरा. तू मघाशी एका पोराच्या आईला सांगत होतीस, ते परत एकदा सांग बरं. माझ्या नीट लक्षात आलं नाही.

शेफाली: तुमच्या? माझ्या प्रबंधाची तीन प्रकरणं तुम्ही तपासलीत की!

गुरुजी: शुद्धलेखन तपासलं. अर्थ लागला असं कुठं म्हणालो?

शेफाली: बरं. लहान मुलाचं हृदय भरभर चालतं. मूल वाढतं तसा त्याचा ठेका संथ होत जातो. हे झालं एक. दुसरं म्हणजे, मूल खरोखर कान देऊन ऐकायला लागलं, की तेवढ्यापुरता तो ठेका आणखी उतरतो. तान्ह्या बाळाचा जरासा उतरतो आणि लगेच चढतो. वय वाढेल तसं मूल त्या उतारावर जास्त वेळ टिकतं. म्हणून मी चार वर्षांपासून दहा वर्षांपर्यंतची मुलं घेतलीत. आधी दोन मिनिटं गप्प बसवायचं, मग गोष्ट ऐकवायची. छातीच्या पट्ट्यावरून आकडा या पडद्यावर येतो.

गुरुजी: म्हणजे डोळे कुठं आहेत, याच्याशी संबंध नाही.

शेफाली: डोळेही नोंदवते मी. पण डोळे फसवतात हो कधीकधी. समोर टक लावून बसलेलं मूल मनानं भलतीकडे असतं. आणि उलटंही.

गुरुजी: उलटंही.

शेफाली: काय झालं?

गुरुजी: काही नाही. पहिलीतल्या मुलांचे शंभराच्या आसपास, नाही का? आणि चौथीत पंच्याऐंशीच्या घरात.

शेफाली: साधारण तसंच. पण थांबा, हे आकडे मी तुम्हाला कधी सांगितले?

गुरुजी: नाही सांगितलेस.

शेफाली: पिशवी द्या इकडं.

गुरुजी: अगं, त्यात काही नाही. जुनी वही आहे एक. अगदी पोरकट प्रकार. मला उगीच वाटलं, शाळेत चाललोय तर असावी बरोबर.

शेफाली: 'मुलांच्या नाड्या.' आजोबा! हे काय आहे?

गुरुजी: हसू नकोस म्हणजे सांगतो. देवी टोचायला एक डॉक्टर यायचे वेल्ह्याहून, घोड्यावरून. एका पावसात दोन दिवस अडकून पडले इथं. त्यांनी मला नाडी बघायला शिकवलं. माझ्याकडे सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ होतं, सेकंदकाट्याचं. वस्तीवर करमणूक दुसरी कसली? मी पोरांच्या नाड्या मोजायला लागलो. दर शनिवारी.

शेफाली: आणि दोन रकाने आहेत! 'गप्प बसलेला' आणि 'गोष्ट चालू'. आजोबा, तुम्ही हे पन्नास वर्षांपूर्वी केलंत? या खोलीत?

गुरुजी: मला दिसलं, गोष्ट रंगली की मनगट जरा थंडावतं. म्हणजे थंड नव्हे, संथ. आधी वाटलं घड्याळ मागे पडतंय. मग वाटलं माझंच मोजणं चुकतंय. मी काही शास्त्र शिकलेला माणूस नाही.

शेफाली: गोष्ट सांगता सांगता नाडी कशी मोजायचात?

गुरुजी: मी कुठला सांगतोय! मी शुक्रवारी रात्री लिहून काढायचो आणि चौथीतला हणमंता वाचायचा. खणखणीत आवाज पोराचा. माझा आवाज चार ओळींत बसायचा. मुलांसमोरसुद्धा.

शेफाली: आजी म्हणायची, साखरपुड्याला तुम्ही चिठ्ठीवर नाव लिहून दिलं होतंत.

गुरुजी: ते तिनं वाढवून सांगितलंय. थोडंसं.

शेफाली: ही सगळी नावं काय सुरेख लिहिलीत! गेनू, म्हादू, आक्काबाई... हे काय? 'रतन भिमा. तिसरी. वय नऊ. गप्प बसलेली, ब्याण्णव. गोष्ट चालू, एक्क्याऐंशी.' अकरानं उतरली? आत्तापर्यंतच्या पानांत एवढा उतार दुसऱ्या कुणाचा नाही. आणि खाली लिहिलंय, 'मोजणी चुकली असावी. लक्ष खिडकीबाहेर.'

गुरुजी: पुढचं पान बघ.

शेफाली: पुन्हा रतन. त्र्याण्णव, ब्याऐंशी. 'मोजणी चुकली असावी.' पुन्हा, 'मोजणी चुकली असावी.' आजोबा, पाच शनिवार तुमची मोजणी एकाच मुलीपुरती चुकली?

गुरुजी: ती कायम खिडकीशी बसायची. मान बाहेर. एकदा फळ्याकडे बघेल तर शपथ. मी तिच्या मनगटावर बोट ठेवलं तरी मान वळवायची नाही. मग मी कशावर विश्वास ठेवायचा? डोळ्यांवर की बोटांवर?

शेफाली: पुढं तिची पानं नाहीत.

गुरुजी: ती शाळेत नव्हती पुढं. वेल्ह्याच्या बाजारात तिचा बाप भेटला मला, भिमा. मीठ घेत होता. म्हणाला, गुरुजी, पोर कशी हाय आमची? मी म्हणालो, लक्ष नाही हो तिचं. बाहेरच असतं. बस, एवढंच. पाठीवर ओझं घेतल्यासारखं त्यानं ते ऐकलं आणि गेला. सोमवारपासून रतन शेरडांमागं.

शेफाली: तुम्ही जाऊन सांगायचं होतं ना त्याला.

गुरुजी: दोनदा निघालो. ओढ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. वाटलं, जाऊन सांगू काय? तुमच्या पोरीची नाडी उतरते? लोक म्हणाले असते, मास्तरला पावसानं वेड लागलं.

शेफाली: आणि त्या रतनबाई आता...

गुरुजी: तुझ्या यादीत बारावं नाव काय आहे?

शेफाली: प्रांजल संपत. वय सहा. बरोबर आजी येणार. आजीचं नाव... अरे देवा.

(दारात पायातल्या वहाणा काढल्याचा आवाज झाला. सावळाराम गुरुजींनी वही घाईनं पिशवीत कोंबली. पण पिशवीचे बंद काही केल्या त्यांच्या बोटांना सापडेनात. आत आलेल्या बाईनं बोट धरलेली नात आधी खिडकीशी नेऊन बसवली, आणि मगच ती गुरुजींकडे वळली.)

रतनबाई: हाय का वळख, गुरुजी?

गुरुजी: आहे. बस, रतन. बसा. रतनबाई.

रतनबाई: बाई कशापायी लावताय? तुमी छडी लावली न्हाई कदी, आता बाई लावताय व्हय? आन ही नात का तुमची? नाक तुमचंच हाय. बोलती मातूर घडाघडा, बरं झालं.

शेफाली: नमस्कार, आजी. प्रांजलला हा पट्टा बांधते हं छातीला. दुखत नाही अजिबात.

रतनबाई: बांद की. आमी करडाला दावं बांदतो, तू पोरीला बांद. पर ताई, म्या येका कामासाठी आले. त्यो कागद मिळंल का?

शेफाली: कुठला कागद?

रतनबाई: माजा संपत टेम्पो चालवतो, किकवीला. तितं खोली घेतलीया त्येनं. दोगं पोरं तिकडच्या शाळंत घालायची म्हनून घिऊन गेलता. पोराला घेतलं त्येंनी. हिला म्हनले, हिचं ध्यान न्हाई. बाई इचारतीया आन ही आपली खिडकीभाईर. म्हनले, तपासून आना, कागद आना, मग बगू. संपत म्हनतो, कागदबिगद कोन काढत बसतंय, पोराला नेतो, ही ऱ्हाऊ दे तुज्यापाशी शेरडांमागं. उद्याच्याला सकाळी टेम्पो येतोय.

गुरुजी: उद्या?

रतनबाई: व्हय. म्हनून तर म्हनलं, पुण्याची ताई आलीया तपासायला, तर तिच्याकडनं लिवून घ्यावं.

शेफाली: आजी, मी डॉक्टर नाही हो. मी फक्त अभ्यास करतेय. एका मुलीच्या एका दिवसाच्या आकड्यावरून 'हिचं लक्ष आहे' किंवा 'नाही' असं लिहून देणं बरोबर नाही. आता समजा तिला सर्दी असेल, ती घाबरली असेल, तरी आकडा बदलतो.

रतनबाई: आसं व्हय. मग न्हाई मिळायचा.

शेफाली: तपासून तर बघू. प्रांजल, आधी दोन मिनिटं गप्प बसायचं, मग गोष्ट ऐकायची. या डबीतून येईल. बर्फातल्या पेंग्विनची.

रतनबाई: सकाळी म्हादूचा नातू सांगत व्हता. म्हनं कोट घातल्यालं कोंबडं हाय.

शेफाली: सगळ्यांनी तेच सांगितलंय का गावभर! चालू करते. शांत बसा हं सगळे.

गुरुजी: बाहेरच बघतेय ती.

शेफाली: शू.

रतनबाई: काय गं बाय? कानात सांग. ताई, ती इचारतीया, ते उडत न्हाई आन दूद बी देत न्हाई, मग त्येला पाळलंय कुनी?

शेफाली: कुणीच नाही पाळलं. झाली गोष्ट. प्रांजल, छान बसलीस हं.

गुरुजी: आकडा?

शेफाली: अठ्ठ्याण्णव. गप्प बसलेली असतानाही तेवढाच. गोष्टीत मध्येच शहाण्णव झाला, परत अठ्ठ्याण्णव. फारसा नाही उतरला.

रतनबाई: म्हंजी त्या किकवीच्या बाईचं खरं?

शेफाली: तसं नाही म्हणत मी. पण तसं नाही असंही मला या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

गुरुजी: रतन, तुला एक विचारू? पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. नाही सांगितलंस तरी चालेल.

रतनबाई: इचारा की.

गुरुजी: तू त्या खिडकीतून काय बघायचीस?

रतनबाई: शेरडं.

गुरुजी: शेरडं?

रतनबाई: आबानं शाळंत घातलं तवाच सांगितलं व्हतं. बस शाळंत, पर खिडकीशी बस. शेरडं समोरच्या टेकाडाला चरतील, त्येंच्यावरची नजर काडायची न्हाई. भातात येक जरी तोंड गेलं तर शाळा बंद. म्हनून म्या कदी मान वळवली न्हाई. डोळं शेरडांना दिलं व्हतं. कान तेवडं माजं व्हतं, ते तुमाला दिलं.

गुरुजी: मला सांगितलं का नाहीस कधी?

रतनबाई: तुमी इचारलं व्हतं? तुमी आपलं गुपचूप यायचा, मनगट धरायचा, घड्याळात बगायचा, आन जायचा. मला वाटायचं ह्यांस्नी समदं कळतं.

गुरुजी: आणि भिमानं तुला का काढलं, ते ठाऊक आहे?

रतनबाई: ठावं हाय. बाजारातनं आला आन म्हनला, मास्तर म्हनतोय तुजं ध्यान न्हाई. डोळंबी शेरडांवर आन ध्यानबी शेरडांवर, तर शाळंचा खेटा कशाला?

गुरुजी: मी बोललो ते. माझ्या एका वाक्यानं झालं ते. रतन, हे बघ. शेफाली, पिशवीतली ती वही दे तिला. नाही, तिला वाचता... तू वाच.

रतनबाई: वाचता येतं मला. जोडाक्षरं अडत्यात जरा. 'रतन भिमा. तिसरी.' ह्ये माजं हाय? 'ब्या... ब्याण्णव. एक्क्याऐंशी.' ह्ये काय?

गुरुजी: तुझी नाडी. गोष्ट चालू असताना उतरायची. साऱ्या शाळेत तुझी सगळ्यांत जास्त. बोटांना कळत होतं मला. पाच वेळा कळलं. आणि पाचही वेळा मी लिहून ठेवलं, माझंच चुकतंय.

रतनबाई: आन ह्ये कळायला घड्याळ लागलं तुमाला?

गुरुजी: म्हणजे?

रतनबाई: आवो, शेळी मेली की तिचं करडू दुसरीला लावावं लागतं. तवा आमी त्येच्या छातीखाली हात ठेवून बसतो. दोन दिसाचं करडू असंल तर काळीज नुसतं फडफडतंय, पाखरावानी. हाक मारली तर येक ठोका थबकतंय, परत फडफड. म्हैन्याचं झालं की मग कळतं बगा. शेळी लांबनं वरडली की करडू हलत न्हाई, कान टवकारत न्हाई, पर हाताखाली काळीज बसतं. हळू व्हतं. मग समजायचं, ह्येनं ऐकलं. ह्ये जगनार.

शेफाली: आजी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

रतनबाई: करडांनी.

शेफाली: माझा गाईड मला तीन वर्षं हेच समजावतोय!

गुरुजी: रागाव माझ्यावर, रतन. इतकी वर्षं मी त्याचीच वाट बघतोय.

रतनबाई: रागावले की. लई रागावले व्हते. शेरडं घिऊन हितनंच जायचे आन शाळंकडं पाट करायचे. पर शनवारी काय करनार? हणमंत्याचा आवाज पार वड्यापातूर यायचा. म्या खाली कातळावर बसून ऐकायचे. चिमाजी डाकवाल्याची गोष्ट चालू व्हती तवा.

गुरुजी: चिमाजी! तुला आठवतोय?

शेफाली: कोण चिमाजी?

गुरुजी: डाकवाला. मढे घाट उतरून कोकणात टपाल न्यायचा. त्याच्या थैलीत एक पत्र होतं, त्यावर नावच नव्हतं. तो घरोघर विचारत जायचा, हे तुमचं का? मीच रचलेली गोष्ट. काही विशेष नव्हती.

रतनबाई: इशेश न्हाई कशी? माज्या पोरांना सांगितली, आता हिला सांगते. पर तुमी ती मदीच सोडली. चिमाजी वड्यापाशी आला, पुलाचा वासा वाहून गेल्याला, पानी छातीला. आन पुडल्या शनवारी हणमंत्या भलतंच वाचाया लागला. शिंव्हाचं आन उंदराचं. का वो सोडली?

गुरुजी: तू गेल्यावर एक-दोन शनिवार लिहिली, मग मला ती लिहिवेना.

रतनबाई: घ्या! हिकडं म्या कातळावर, तिकडं चिमाजी काठावर. पन्नास वर्सं उभा हाय त्यो. ही रोज रात्री इचारती, आजे, पलीकडं गेला का? म्या म्हनते, आजून पानी उतरलं न्हाई.

गुरुजी: उद्या टेम्पो किती वाजता येतोय?

रतनबाई: आठाला.

गुरुजी: मी येईन त्यात. किकवीच्या शाळेत मी बोलतो. शेफाली कागद देऊ शकत नाही, ते तिचं बरोबर आहे. पण मी मास्तर होतो. मी सांगेन, अशीच एक मुलगी माझ्या खिडकीशी बसायची आणि मी चुकलो. ही वही दाखवेन. एवढंच म्हणेन, हिला खिडकीशी बसू द्या आणि महिनाभरानं विचारा.

रतनबाई: तुमी? बाजारात मिरचीचा भाव इचारायला लाजनारं मानूस तुमी!

शेफाली: आजोबा, खरंच बोलाल? तिथं मी नसणार.

गुरुजी: आवाज बसेल. पण वही तर बोलेल.

रतनबाई: तुमी आलात तर संपत हिला घेतल्याबिगर टेम्पो हलवायचा न्हाई. आमचं धनी व्हतं तसा न्हाई त्यो, मास्तर म्हनलं की हात जोडतो. पर उद्याचं उद्या. आदी चिमाजीला वलांडू द्या.

गुरुजी: आत्ता? मी? हणमंता असता तर...

रतनबाई: हणमंत्याला जाऊन चार वर्सं झाली, गुरुजी.

गुरुजी: मला नव्हतं माहीत.

रतनबाई: शेवटापातूर खणखणीत व्हता. आता तुमीच सांगा.

गुरुजी: माझा आवाज...

रतनबाई: बसू द्या की. आमाला बसल्याला बी ऐकू येतो.

शेफाली: पट्टा तसाच आहे, आजोबा. हे माझ्या अभ्यासात धरता येणार नाही, पण मला बघायचंय. सांगा.

गुरुजी: बरं. तर... चिमाजी काठावर उभा होता. थैली डोक्याला बांधलेली. हातात घुंगराची काठी. पाणी असं गढूळ, की तळ दिसत नव्हता.

शेफाली: अठ्ठ्याण्णव.

गुरुजी: त्यानं काठीनं पाणी चाचपलं. एक दगड लागला. त्यावर पाय ठेवला. मग दुसरा दगड चाचपला. तो हलत होता. चिमाजी म्हणाला, घाई नको. पत्र ज्याचं आहे, तो इतके दिवस थांबलाय, अजून थोडा थांबेल...

शेफाली: पंच्याण्णव. त्र्याण्णव.

गुरुजी: रतन, ती बाहेरच बघतेय. एकदासुद्धा वळली नाही. थांबू का?

रतनबाई: थांबू नगा.

गुरुजी: ...पलीकडच्या काठावर कुणीतरी उभं होतं. लांबून ओळखू येत नव्हतं. चिमाजीनं पाण्यातूनच हाक मारली, अहो, हे पत्र तुमचं का...

शेफाली: एकोणनव्वद. आजोबा, एकोणनव्वदवर आहे. आणि टिकलाय.

गुरुजी: पण मान तर अजून...

रतनबाई: आमची शेरडं सोडलीत भाईर, ती भाताच्या रोपांकडं वळलीत, म्हनून बगतीया. तुमी सांगा, गुरुजी. ती हितंच हाय. तवा म्याबी हितंच व्हते.